शेवटची म्हातारी आणि तिच्या दोन शेजारणी: कॉर्नवॉलमधले चार दिवस

पहिला दिवस: ब्रिस्टल ते पेन्झान्स

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, ईशानच्या शाळेला सुट्टी. ताई ब्रिस्टलला असते, आई तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आलेली, आणि मी पुण्याहून दोन आठवड्यांची रजा काढून पोचलो होतो. भावोजींना सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे गाडी ताईच्या हातात. ठरलं होतं ते एवढंच की आईला समुद्र दाखवायचा. आई वेंगुर्ल्याची. तिला समुद्र दाखवायला इंग्लंडात नेणं हा मूर्खपणा आहे असं मी म्हणून पाहिलं, कोणी ऐकलं नाही.

ईशान, म्हणजे माझा भाचा, दहा वर्षांचा. मराठी त्याला सगळं कळतं. आजी मालवणीत ओरडली तरी कळतं. उत्तर मात्र इंग्रजीत. ताईने यावर बरेच उपाय करून पाहिले आणि आता सोडून दिलं आहे.

लाउन्सेस्टनजवळ टेमर नदी ओलांडली की इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं कॉर्नवॉल सुरू होतं. रस्त्याच्या कडेला पाटी: 'केर्नो अगस डिनर्ख'. म्हणजे कॉर्नवॉल तुमचं स्वागत करतं. ईशानला त्यात फक्त 'डिनर' दिसलं आणि लगेच भूक लागली. केर्नो हे या मुलखाचं स्वतःच्या भाषेतलं नाव आणि त्या भाषेचं नाव केर्न्यूएक. आपण इंग्रजीतून जिला कॉर्निश म्हणतो ती.

पुढचे दोन तास गाडीत एकच खेळ चालला. इकडे जुनी म्हण आहे की ट्रे, पोल आणि पेन यांवरून कॉर्निश माणूस ओळखावा, कारण आडनावं आणि गावांची नावं या तीन शब्दांनी सुरू होतात. पेन म्हणजे डोकं किंवा टोक, पोल म्हणजे डोह, ट्रे म्हणजे चार घरांची शेतवस्ती. 'म्हणजे वाडी,' आई म्हणाली, आणि मग प्रत्येक ट्रेची वाडी करत सुटली. ईशानने पाट्या मोजायच्या, आजीने भाषांतर करायचं. तिसाव्या पाटीनंतर मोजणं बंद पडलं.

दुपारी रेडरूथला थांबलो. नावातला 'रेड' इंग्रजी लाल नव्हे. मूळ नाव रीस रूध: रीस म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार, रूध म्हणजे तांबडा. लाल आहे तो नावाच्या शेवटी, कारण या भाषेत विशेषण नामामागून येतं. इथल्या एका जुन्या दारूभट्टीच्या इमारतीत २०१९ पासून 'क्रेसेन केर्नो' हे कॉर्नवॉलचं दप्तरखाना-कम-संग्रहालय आहे. आत जायला पैसे लागत नाहीत, पण रोज उघडं नसतं, वेळा पाहून जा.

तिथे कळलेली एक गोष्ट मला बोचली. कॉर्निशमधली जी मोठी मध्ययुगीन हस्तलिखितं उरली आहेत, ती कॉर्नवॉलमध्ये नाहीतच. 'ऑर्डिनालिया' ही नाट्यत्रयी ऑक्सफर्डला. संत मेरियासेकवरचं १५०४ सालचं नाटक वेल्समध्ये अॅबरिस्टविथला. पेनरिनच्या ग्लासनी मठात या भाषेतल्या नाटकांची परंपरा नांदत होती असं मानतात. तो मठ १५४८ मध्ये सरकारने मोडला. पुढच्याच वर्षी चर्चमध्ये लॅटिनच्या जागी इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं. कॉर्निश लोकांनी लेखी कळवलं की आमच्यातल्या काहींना इंग्रजी येतच नाही, आम्ही हे घेणार नाही. बंड झालं, चिरडलं गेलं, हजारो माणसं मेली. वेल्शमध्ये बायबल १५८८ साली छापून आलं. कॉर्निशच्या वाट्याला ते त्या काळात आलंच नाही. दोन बहिणींपैकी एक आजही शाळा-कचेऱ्यांत वावरते आणि दुसरी का गेली, याची अर्धी गोष्ट मला तरी यात दिसते.

बहिणी कोण कोण, तेही सांगून टाकतो. केल्टिक भाषांची आज दोन घराणी आहेत. एकात आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि आइल ऑफ मॅनची मँक्स. दुसऱ्यात वेल्श, कॉर्निश आणि समुद्रापलीकडे फ्रान्समधली ब्रेटन. ओळखायची सोपी खूण म्हणजे डोकं: या तिघींत ते 'पेन', तर आयरिशमध्ये 'क्यान'. पाच म्हणजे कॉर्निश 'पिम्प', ब्रेटन 'पेम्प', आणि आयरिश 'कूग'. तिकडे क, इकडे प. कॉर्निशची सर्वांत जवळची बहीण वेल्श नसून ब्रेटन आहे, कारण पाचव्या-सहाव्या शतकात याच टापूतली माणसं होड्यांत बसून पलीकडे गेली आणि भाषा बरोबर घेऊन गेली.

रेडरूथच्या पेस्टीबद्दल: बीफ-बटाटा-सलगमाची भलीमोठी करंजी, मुरड हाताची. एक दोघांत पुरते. शाकाहारींसाठी चीज आणि कांद्याची मिळते. इथल्या कथिल-तांब्याच्या खाणी बसल्या तेव्हा इथले खाणकामगार जगभर गेले, आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले.

दुसरा दिवस: न्यूलिन, माउझल, पॉल

मुक्काम पेन्झान्समध्ये एका जुन्या दगडी घरात. सकाळी मुख्य रस्त्यावरून निघालो. रस्त्याचं इंग्रजी नाव वाचलं तर वाटतं ज्यूंचा बाजार. ज्यूंचा काही संबंध नाही. मूळ शब्द 'मरघस यो', म्हणजे गुरुवारचा बाजार. इंग्रजी कानांना जे ऐकू आलं ते पाटीवर लागलं. आता नव्या पाट्यांवर खाली कॉर्निश नावही असतं. पुण्याची गुरुवार पेठ ठाऊक असलेल्या माणसाला पेन्झान्स एकदम घरचं वाटायला लागतं.

पेन्झान्स ते माउझल किनाऱ्याने चालत साधारण तीन मैल, मध्ये न्यूलिन. माउझलला गाडी नेऊ नका. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून बस आली तर कोणीतरी मागे जायचं असतं, आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच. जाताना चाला, येताना बस घ्या.

न्यूलिन हे मोठं मासेमारी बंदर. आईचा चेहरा तिथे पोचल्यावर पहिल्यांदा उजळला. दुकानातल्या बर्फावर मॅकेरल पाहून ती मोठ्याने म्हणाली, 'हो बांगडोच रे!' अगदी बांगडा नव्हे, चुलतभाऊ म्हणा. दुकानदाराला मजा वाटली. तिने खुणेने कल्ले उघडायला लावले, नाकाजवळ नेलं, सहा घेतले. त्याने पिल्चर्डचा विषय काढला. आपल्या तारलीच्या जातीचा हा मासा पूर्वी इथे थव्यांनी यायचा. कड्यावर उभा असलेला टेहळ्या पाण्याचा रंग बदलला की 'हेव्वा!' असं ओरडायचा आणि सगळं गाव होड्यांकडे धावायचं. मग मासे मिठात घालून पिंपं इटलीला. हा 'हेव्वा' कॉर्निश शब्द आहे असं तो अभिमानाने म्हणाला. त्याला स्वतःला भाषा येते का, ताईने विचारलं. नाही म्हणाला, पण आजोबा काहीबाही मोजायचे.

माउझल. इंग्रजी स्पेलिंग उंदराच्या बिळाचं, उच्चार माउझल, आणि कॉर्निश नाव पोर्थएनिस, म्हणजे बेटाचं बंदर. समोरच एक खडकाळ बेट आहे. अर्धवर्तुळाकार धक्का, ओहोटीला चिखलात आडव्या झालेल्या होड्या. या गावात डॉली पेंट्रीथ नावाची मासे विकणारी बाई राहायची. १७७७ च्या डिसेंबरात ती वारली. जगभर तिची ओळख एकच: कॉर्निश बोलणारी शेवटची व्यक्ती.

तिची खूण मात्र माउझलमध्ये शोधू नका. वर चढावर पॉल नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चच्या आवाराच्या भिंतीत तिचा दगड बसवला आहे. चढ वीसेक मिनिटांचा, आईसाठी तीस. अर्ध्यावर ते सुरू झालं ज्याला इथले लोक मिझल म्हणतात. पाऊस नव्हे, धुकं नव्हे, दोघांच्या मधलं. छत्री निरुपयोगी, जाकीट हवंच.

दगड १८६० सालचा. उभारला नेपोलियनच्या पुतण्याने, राजपुत्र लुई लुसियॅं बोनापार्तने. याला भाषांचं वेड होतं. मी आईला मजकूर वाचून सांगत होतो: प्राचीन कॉर्निशमध्ये संभाषण करणारी शेवटची व्यक्ती, असं म्हणतात.

आई म्हणाली, 'शेवटची कशी? मगे ती बोलायची कोणावांगडा?'

मी हसलो. पण प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याचं उत्तर कागदोपत्री आहे. १७६८ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचा एक इंग्रज विद्वान डॉलीला शोधत इथे आला. हिला ही भाषा येत असेल असं मला वाटत नाही, असं तो तिच्यासमोर बोलून बसला. ती भडकली आणि दोन-तीन मिनिटं त्याला फैलावर घेतलं. त्याला ते वेल्शसारखं वाटलं. समोरच्या दोन घरांत दोन बायका होत्या, डॉलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्या दारात उभ्या राहून हसत होत्या. बॅरिंग्टनने विचारलं, ही मला शिव्या देते आहे का? म्हणाल्या, अगदी मनसोक्त. तुम्हाला येते का ही भाषा? पटकन बोलता येत नाही म्हणाल्या, कळते.

बोलता येत नाही, कळते. मी हे सांगितलं आणि आम्ही तिघांनी एकदमच ईशानकडे पाहिलं. तो गोगलगाय शोधत होता.

डॉली शेवटची नव्हती हेही तेव्हाच लिहिलं गेलं होतं. विल्यम बोडिनार नावाच्या माउझलच्याच कोळ्याने १७७६ मध्ये बॅरिंग्टनला पत्र लिहिलं, कॉर्निश आणि इंग्रजी दोन्हींत. पोरवयात बापाबरोबर समुद्रावर जायचो, होडीत आणखी पाच म्हातारे, आठवडाभर इंग्रजीचा शब्द कानावर पडायचा नाही, तिथे शिकलो. आता गावात चार-पाच जणच बोलू शकतात, सगळे ऐंशीचे. बोडिनार डॉलीनंतर बारा वर्षांनी वारला. त्याला कोणा राजपुत्राचा दगड मिळाला नाही. भाषा मरते तेव्हा एक चेहरा लागतो. मासे विकणारी, शिव्या देणारी म्हातारी कोळ्याच्या पत्रापेक्षा गोष्टीत जास्त शोभते, हे माझं मत.

दगडाच्या खालच्या भागात बायबलमधली एक आज्ञा इंग्रजीत आणि कॉर्निशमध्ये कोरली आहे: आपल्या बापाचा आणि आईचा मान राख. कॉर्निश ओळीत 'ताझ' आणि 'माम' हे शब्द आहेत. ताझ म्हणजे बाप. वेल्श आणि ब्रेटनमध्ये तो 'टाड' होतो. शब्दाच्या शेवटचा त्यांचा ड कॉर्निशमध्ये अनेकदा स किंवा झ होऊन बसतो. माम म्हणजे कोण ते आईला सांगावं लागलं नाही. चर्चच्या आतही १७०९ सालच्या एका स्मारकशिळेवर कॉर्निश ओळी आहेत, पॉलच्या गरीब लोकांसाठी पैसे ठेवून गेलेल्या एका कप्तानाच्या. दिव्याचं बटण दाराजवळ आहे, आम्ही मोबाईलच्या उजेडात वाचल्यावर सापडलं. तिथेच १९ डिसेंबर १९८१ च्या वादळात बुडालेल्या पेनली लाइफबोटीवरच्या आठ जणांची आठवण आहे. कोकणातल्या माणसाला त्यापुढे जास्त वेळ उभं राहवत नाही.

रात्री बांगड्यांचं तिखलं. आईने तिरफळं बाटलीत भरून वेंगुर्ल्याहून आणली होती. दोन तळायला घेतले आणि छतावरचा धुराचा भोंगा असा काही वाजला की शेजारचे आजोबा पायजम्यात धावत आले. त्यांना एक तुकडी दिली. तिरफळ त्यांनी चावलं, जे चावायचं नसतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

तिसरा दिवस: माळरान आणि पब

सकाळी लख्ख ऊन. पेन्झान्सच्या उत्तरेला माळ आहे, गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांच्या पिवळ्या फुलांनी पेटलेला, आणि त्यावर जागोजागी हजारो वर्षांचे दगड. 'मेन अन टोल' म्हणजे भोकाचा दगड, आणि तो खरोखर तेवढाच आहे: गोल दगड, मध्ये माणूस सरपटत जाईल एवढं भोक. पूर्वी मुडदूस झालेल्या मुलांना यातून काढायचे. ईशान सहा वेळा गेला. गाडी रस्त्याकडेला लावून वीसेक मिनिटं चालावं लागतं, चिखलाचे बूट घाला. थोडं पुढे 'मेन स्क्रीफा', म्हणजे लिहिलेला दगड. त्यावर लॅटिनमध्ये दोन नावं, बाप आणि लेक. लेकाच्या नावाचा अर्थ राजेशाही कावळा. आज कॉर्निशमध्ये कावळ्याच्या जातीला 'ब्रान' म्हणतात, आणि तो ब्रान त्या नावात दीड हजार वर्षांपासून बसलेला दिसतो.

दुपारी झेनॉर. चर्चमध्ये बाकाच्या बाजूला कोरलेली जलपरी पाहायला सगळे येतात, आम्हीही. मला हवा होता तो जॉन डेव्हीचा दगड. जवळच्या बोसवेडनॅकचा हा माणूस १८९१ मध्ये वारला आणि त्याला बापाकडून आलेलं थोडं कॉर्निश येत होतं. म्हणजे डॉलीनंतर एकशे चौदा वर्षांनी. आई म्हणाली, 'किती शेवटचे रे यांचे!' बाहेर केशरी बन घेतला, इथली जुनी खासियत. केशर नुसतं दाखवून काढलंय, असा आईचा निकाल. स्कोन नावाच्या छोट्या गोडसर पावावर मात्र कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी आणि साय वर. शेजारच्या डेव्हनमध्ये उलटं. यावरून भांडू नका, इथले लोक भांडतात.

संध्याकाळ सहलीची खरी कमाई ठरली. एका पबमध्ये 'येथ अन वेरिन' होतं. अर्थ लोकांची भाषा, आणि प्रकार असा की महिन्यातून एकदा कॉर्निश बोलणारे, शिकणारे एकत्र बसून फक्त बोलतात. कोणीही जावं. आम्ही नऊ जणांच्या टेबलाशी जाऊन बसलो. एक निवृत्त शिक्षिका, तिचा वेल्श नवरा, बोटीवर काम करणारा एक पोरगा, बाकी नवशिके.

शिक्षिकेने आम्हाला पहिला नियम सांगितला: कॉर्निशमध्ये 'यस' आणि 'नो' नाहीत. विचारलं 'एस कोफी?', म्हणजे कॉफी आहे? तर उत्तर 'एस', आहे. नसेल तर 'नाग एस'. क्रियापदच परत करायचं. नवशिक्या इंग्रजांना हे फार जड जातं म्हणाली. आई म्हणाली, यात जड काय? चहा आहे काय? आहे. जेवलास काय? जेवलो. आम्ही कधी 'हो' म्हणतो?

मग बाई माझ्याकडे वळून उलटतपासणी करू लागली. मला चहा आवडतो, हे कसं म्हणता? मी सांगितलं, आवडण्याचं काम चहाच करतो, मला फक्त ते होतं. ती टेबलावर थाप मारून म्हणाली, 'दा यू गेनेव ते', चहा माझ्यापाशी चांगला आहे! माझ्याकडे मांजर आहे, हेही असंच. आपल्यासारखंच तिथेही मांजर कर्ता, मालक बाजूला.

फरक आहे तो बदलाच्या जागेचा. आपण शब्दाचं शेपूट बदलतो, घोडा-घोड्याला. ते तोंड बदलतात. पेन म्हणजे डोकं, पण त्याचं डोकं 'इ बेन' आणि माझं डोकं 'ओ फेन'. शब्दकोशात शोधायचं तर आधी मूळ अक्षर ओळखा. सामान्यरूपाच्या नावाने रडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हे दाखवावं. वेल्श नवऱ्याला मी विचारलं, बायकोचं कितपत कळतं? म्हणाला, शब्द कळतात, आकडे कळतात, वाक्य हातातून निसटतं. आणि भांडताना? तेव्हा सगळं कळतं.

ही माणसं भाषा पुस्तकातून शिकलेली. हेन्री जेनरने १९०४ मध्ये व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि तिथून पुनरुज्जीवन सुरू झालं. मग कोणत्या शतकातलं कॉर्निश खरं, स्पेलिंग कसं, यावर इतके तट पडले की २००८ मध्ये सर्वांना चालेल असं लेखन ठरवावं लागलं. कोकणीच्या लिपीचे वाद ऐकलेल्या माणसाला नवल वाटू नये. २०१० मध्ये युनेस्कोने आपल्या यादीतला 'नामशेष' शिक्का काढला. २०११ च्या जनगणनेत ५५७ जणांनी कॉर्निश ही आपली मुख्य भाषा म्हणून लिहिली. थोडंफार येणारे याहून पुष्कळ.

याच जेनरने १८७५ मध्ये न्यूलिन-माउझलच्या म्हाताऱ्यांकडून काय गोळा केलं? मुख्यतः आकडे. भाषा गेली, मोजणं राहिलं. बोटीवरच्या पोराने ते ईशानला शिकवले: ओनन, ड्यू, त्री, पेझ्वर, पिम्प, ह्वेख, सैथ, एथ, नाउ, डेग. आजी शेजारी बसून आपले म्हणत होती. सात, आठ, नऊला दोघांचा सूर जवळजवळ लागला. ही चोरी नव्हे, फार जुनी भाऊबंदकी. केल्टिक आणि आपल्या भाषा एकाच दूरच्या घरातून निघाल्या आहेत. वीसनंतर मात्र ते विसाविसाने जातात: चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा. बोडिनारने म्हाताऱ्यांचं वय ऐंशी लिहिलं तेही चार विसा. 'कोडी!' आई म्हणाली. मग तिने ईशानला कोडी समजावली, मालवणीत, आणि त्याने ती टेबलाला समजावली, इंग्रजीत. पोराने विचारलं, आजी काय बोलते ते तुला सगळं कळतं? ईशानने खांदे उडवले. त्याला त्यात विशेष काही वाटलं नसावं.

चौथा दिवस: माराझायन आणि परत

सकाळी माराझायन गावासमोरचा सेंट मायकल्स माउंट, समुद्रातला डोंगर. ओहोटीला समुद्रातल्या फरसबंद वाटेने चालत जाता येतं, भरतीला होडी. वेळापत्रक आदल्या रात्री पाहा. आम्ही पाहिलं नाही, परतताना शेवटची पन्नास पावलं आईने साडी गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यातून काढली आणि तिथली सगळ्यात खूष व्यक्ती तीच होती. या डोंगराचं कॉर्निश नाव आहे 'जंगलातला करडा खडक'. आता भोवती समुद्र आहे. पण मोठ्या ओहोटीला वाळूत जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात.

परतीच्या वाटेवर ताईने खेळ बदलला. कॉर्निश नियम: 'यस', 'नो', 'हो' म्हणेल तो बाद. आजीला हरवणं अशक्य होतं. ईशान इंग्रजीत दोनदा बाद झाला, मग गप्प बसला, मग खिडकीला डोकं टेकून बसला. टेमरचा पूल आला तेव्हा अंधारलं होतं. ताईने आरशात पाहत हळूच मला विचारलं, 'झोपला का?'

मागून आवाज आला, 'झोपला नाही.'

'झोपलो' म्हण, असं कोणी सांगितलं नाही.